गेज विचारता, जस्त कोण विचारणार?

खानदेशातली धाब्याची घरे पावसाने खचत, पण त्यांच्या सागवानी चौकटी दुसऱ्या घराला लागत. सातपुड्याचा साग होता तोवर दाराची काळजी कुणी केली नाही. 1860च्या दशकात रेल्वे भुसावळला आली, 1878च्या कायद्याने जंगलांवर सरकारची पकड घट्ट झाली आणि साग हळूहळू सामान्यांच्या हातून गेला. त्याच रेल्वेने जस्ताचा मुलामा दिलेला पन्हाळी पत्रा आणला. आधी छपरावर चढलेले जस्त बऱ्याच काळाने दाराच्या चौकटीत उतरले.

जस्ताची वाफ थंड करून धातू मिळवण्याची विद्या उदयपूरजवळच्या झावरला मध्ययुगातच होती. युरोपात अशाच रीतीने जस्त काढण्याचे ब्रिस्टलच्या चॅम्पियनचे पेटंट 1738चे. लोखंडाला वितळलेल्या जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट मात्र फ्रान्सच्या सोरेलने 1837 मध्ये घेतले. विद्या आपल्याकडे जुनी, पत्रा विलायतेतून!

आज असा पत्रा तारापूर, वाशिंद, कळमेश्वरला तयार होतो. थंड लाटलेली पोलादी पट्टी धुऊन, तेल काढून, हायड्रोजन मिसळलेल्या वायूच्या भट्टीतून नेतात, कारण पृष्ठभागावर ऑक्साइड राहिले तर जस्त धरत नाही. मग ती सुमारे 460 अंशांच्या जस्तात बुडते. त्यात किंचित ॲल्युमिनियम घालतात. ते नसेल तर लोखंड-जस्ताचा ठिसूळ थर जाड होतो आणि पत्रा वाकवताना मुलामा सुटतो. चौकटीचा पत्रा तर घडीवर घडी वाकतो. पट्टी वर येताच हवेचे झोत जादा जस्त पुसून काढतात. किती ठेवायचे, हे इथेच ठरते. मुलाम्याच्या खुणेतले ‘120’ म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम, एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन.

एवढासा थर पुरतो, कारण ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. पण कोपरे वेल्ड करताना ते टिकत नाही. 907 अंशांना त्याची वाफ होते, पांढरा धूर निघतो आणि सांधा उघडा पडतो. तिथे जस्तयुक्त रंग लावायलाच हवा. नाहीतर फरशी पुसण्याचे पाणी जिथे साचते, त्या उंबऱ्यालगतच्या टोकाला आणि सांध्यांना गंज आधी धरतो.

जळगाव-धुळ्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत गिऱ्हाईक अजून ‘किती गेज?’ एवढेच विचारते. गेज पोलादाची जाडी सांगते, जस्ताची नाही. सागाला ठोकून, रेषा पाहून पारखणाऱ्या मुलखाला ही आंधळी खरेदी शोभत नाही. चौकट घेताना जस्ताचे ग्रॅम विचारा, बिलावर लिहून घ्या आणि कोपऱ्याचा सांधा वरचा रंग चढण्याआधी पाहा.