धावू द्या त्याला, पण कुणाच्या मागे?

पंधरा-वीस सेकंदांची रील. मोकळं माळरान, चालत्या जीपमधून घेतलेला शॉट, मागे दणदणीत म्युझिक आणि समोर बाणासारखी सुटलेली दोन सडपातळ कुत्री. त्यांच्या पुढे एक तपकिरी ठिपका जिवाच्या आकांतानं वळणं घेतोय. कुत्रं त्याला गाठणार इतक्यात व्हिडिओ कट. खाली कमेंट्स : 'काय स्पीड आहे भाऊ!', 'पिल्लू मिळेल का?', 'हीच खरी परंपरा'. जिथे कट होतो, तिथून पुढे काय झालं हे कुणीच विचारत नाही.

आज त्या कटच्या पुढच्या भागाबद्दल बोलूया. आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. स्पीडला दिलेली ती दाद खोटी नाही. ग्रेहाउंड, व्हिपेट, आपला कारवानी किंवा मुधोळ ही सगळी वासापेक्षा नजरेवर धावणारी कुत्री. खोल छाती, आत गेलेलं पोट, स्प्रिंगसारखा वाकणारा कणा. पूर्ण वेगात असताना प्रत्येक झेपेत दोनदा त्यांचे चारही पाय जमिनीवर नसतात. चांगला ग्रेहाउंड ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे जातो. हे बघून अंगावर काटा येत असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रश्न आहे तो त्याच्या पुढे काय पळतंय आणि त्याला कुणी सोडलंय, याचा.

गरिबाचा कुत्रा, राजाचं हरीण

या विषयावर सगळ्यात जास्त डोकेफोड झाली ती ब्रिटनमध्ये. तिथला या खेळातला हिरो म्हणजे 'लर्चर'. लर्चर ही एक जात नाही, मुद्दाम केलेला संकर आहे. ग्रेहाउंडसारखा धावणारा कुत्रा आणि कोलीसारखा मेंढ्या राखणारा किंवा टेरियरसारखा चिवट कुत्रा यांच्यापासून तो तयार होतो. एकाचा वेग, दुसऱ्याचं डोकं. शतकानुशतकं तो चोरून शिकार करणाऱ्यांचा, भटक्या समाजांचा, शेतमजुरांचा कुत्रा म्हणून ओळखला गेला. ससा, आणि संधी मिळाली तर छोटं हरीण, असं त्याचं 'काम'.

त्याच्या मागे एक कडू इतिहास आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोठमोठी जंगलं राजाच्या शिकारीसाठी राखीव होती. त्या परिसरातल्या सामान्य लोकांच्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटायची पद्धत होती, म्हणजे कुत्रं राजाच्या हरणामागे धावायलाच नको. १२१७ च्या 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट'मध्ये ही नखं कशी छाटायची याचा नियम चक्क लिहिलेला आहे. हरीण वाचवायचं ते हरणासाठी नाही, राजाच्या मौजेसाठी. आणि शिक्षा भोगायची कुत्र्यानं. त्यामुळे 'लर्चर सोडणं म्हणजे श्रीमंतांच्या कायद्याला दिलेलं उत्तर' अशी भावना तिथे आजही सापडते. ती समजून घेतली पाहिजे, कारण 'आमची परंपरा' हे वाक्य जगात सगळीकडे अशाच जखमांतून येतं.

मुंटजॅकचा प्रश्न

आता आजचं इंग्लंड. तिथल्या छोट्या हरणांमध्ये 'रो' हे स्थानिक, तर 'मुंटजॅक' चीनहून आलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशरमधल्या वोबर्न इथल्या सरदारी बागेत ही हरणं ठेवली होती. तिथून सुटलेल्या आणि पुढे माणसांनीच इकडेतिकडे सोडलेल्या हरणांची प्रजा आता दक्षिण इंग्लंडभर पसरली आहे. उंची साधारण लॅब्राडोरएवढी, वजन १० ते १८ किलो, नराला छोटी शिंगं आणि ओठांबाहेर डोकावणारे सुळे. धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं. ओळखीचं वाटलं ना? आपल्या सह्याद्रीतलं भेकर याचंच चुलत भावंड.

मुंटजॅक वर्षभर पिल्लं देतं. लांडगा आणि लिंक्स तिथून केव्हाच संपले, त्यामुळे त्याला मारणारं कुणी उरलं नाही. ते जंगलातली कोवळी झाडं, रानफुलं फस्त करतं. म्हणून त्याची संख्या आटोक्यात ठेवायला लागते, आणि हे तिथले अनेक निसर्ग अभ्यासकही सांगतात. इथेच लर्चरवाल्यांचा युक्तिवाद येतो : हरणं मारायचीच आहेत ना, मग आमच्या कुत्र्यांनी मारली तर बिघडलं कुठे? कुत्रं तर नैसर्गिक पद्धतीनं मारतं!

ऐकायला पटतं. पण दोन गोष्टींची इथे सरमिसळ होते. संख्या कमी करणं हे काम आहे. पाठलाग बघणं हा खेळ आहे. काम करायचं तर ते कमीत कमी त्रासात व्हावं, एवढी तरी अट हवी. प्रशिक्षित माणसाच्या रायफलची नीट बसलेली एक गोळी बहुतेक वेळा हरणाला पळायची वेळही देत नाही. खेळात मात्र पळणं हाच मुख्य भाग असतो. ते चटकन संपलं तर मजाच नाही.

या त्रासाचा अभ्यासही झालाय. केंब्रिजचे प्राणिवर्तनतज्ज्ञ पॅट्रिक बेटसन यांनी १९९७ मध्ये 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेसाठी लाल हरणांची पाहणी केली. शिकारी कुत्र्यांच्या टोळीनं दमवून गाठलेल्या हरणांच्या रक्तात आणि स्नायूंमध्ये टोकाच्या ताणाच्या, झिजेच्या खुणा सापडल्या. त्यानंतर संस्थेनं आपल्या जमिनींवर अशी शिकार बंद केली. लर्चरवाले म्हणतील, तो पाठलाग काही तासांचा होता, आमचा काही मिनिटांचा. मुद्दा बरोबर आहे. पण छोटा पाठलाग म्हणजे सोपं मरण असं नाही. २५-३० किलोचा कुत्रा हरणाला क्षणात मारत नाही. आधी पाडतो, मग धरून ठेवतो. आणि जे हरीण लचका तुटलेल्या अवस्थेत निसटतं, ते झुडपात कुठे आणि किती वेळानं मेलं, याची नोंद कुणीच ठेवत नाही.

कुत्र्याचंही काही खरं नसतं. या कुत्र्यांची कातडी पातळ. तारेच्या कुंपणावर ती फाटते, वेगात खड्ड्यात पाय गेला तर हाड मोडतं, मुंटजॅकचे सुळे लागले तर पोट उघडं पडतं. ब्रिटनमधल्या निवारा केंद्रांत लर्चर आणि ग्रेहाउंड मोठ्या संख्येनं दिसतात ते उगाच नाही. धावेनासं झालेलं कुत्रं अनेकांना नकोसं होतं.

कायद्यानं काय केलं?

खूप वाद, मोर्चे आणि संसदेतल्या दोन सभागृहांच्या भांडणानंतर 'हंटिंग अॅक्ट २००४' आला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला. कुत्र्यांकरवी जंगली सस्तन प्राण्यांची शिकार बंद. काही अपवाद ठेवले आहेत. उदाहरणार्थ, नुकसान रोखायला किंवा मांसासाठी, जमीन मालकाच्या परवानगीनं, जास्तीत जास्त दोन कुत्री वापरून हरीण झुडपातून बाहेर काढता येतं, पण ते लगेच गोळीनं मारलं पाहिजे. म्हणजे कुत्र्यानं मदत केलेली चालेल, फाडलेलं चालणार नाही. स्कॉटलंडनं तर असा कायदा २००२ मध्येच केला होता आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक केला.

कायदा आला म्हणून सगळं थांबलं असं नाही. रात्री शेतात गाड्या घालून कुत्री सोडणं, त्यावर पैज लावणं हे चालूच राहिलं. म्हणून २०२२ मध्ये सशांमागे कुत्री सोडण्याच्या गुन्ह्यांसाठी नवी तरतूद झाली. तुरुंगवास तर आहेच, शिवाय जप्त कुत्री सांभाळण्याचा खर्च आरोपीकडून घेता येतो आणि त्याला कुत्रा पाळायला बंदीही घालता येते. हा शेवटचा भाग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तेराव्या शतकात कुत्र्याची नखं छाटायचे, आता माणसाचा हक्क काढून घेतात. चूक कुणाची हे समजायला आठशे वर्षं लागली, पण समजलं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे भेकर आहे, माळावर चिंकारा आणि काळवीट आहेत. (शास्त्रीय भाषेत शेवटचे दोन हरीण नाहीत, कुरंग आहेत. पण धावणाऱ्या कुत्र्याला तो फरक कळत नाही.) आणि आपल्याकडे तशी कुत्रीही आहेत. लातूर, सोलापूर भागातला कारवानी, त्याचा लांब केसांचा भाऊ पश्मी, सीमेपलीकडच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ. मुधोळचे घोरपडे संस्थानिक या कुत्र्यांचे मोठे आश्रयदाते. धावणारं जनावर हरणामागे सोडण्याची हौसही आपल्याला नवी नाही. कोल्हापूर संस्थानात काळविटामागे चित्ते सोडले जायचे. पुढे देशातले चित्ते संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले गेले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. परंपरेचा अभिमान बाळगताना तिचा शेवट कुठे झाला हेही लक्षात ठेवायला हवं.

आपला कायदा याबाबतीत ब्रिटनपेक्षा सरळ आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, त्यात 'कोर्सिंग' हा शब्दच आहे. कोर्सिंग म्हणजे कुत्र्याला जनावर दाखवून मागे सोडणं. आणि नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच मानला जातो. 'मारलं नाही, फक्त पळवलं' ही पळवाट नाहीये. चिंकारा, काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. ससाही संरक्षित आहे, त्यामुळे 'ससाच तर होता' हेही चालणार नाही. आणि गुन्ह्याचा पुरावा स्वतःच शूट करून, लोकेशन टॅग करून अपलोड करणाऱ्यांना काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

इथे एक काळजी घ्यायला हवी. 'शिकार' म्हटलं की आपल्याकडे बोट लगेच पारधी समाजाकडे जातं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि तो शिक्का आजही पुसलेला नाही. ब्रिटनमध्येही लर्चर दिसला की भटक्या समाजाकडे असंच बघितलं जातं. पोटासाठी रानावर अवलंबून राहिलेल्या माणसाला पर्यायी रोजगार देणं हा एक प्रश्न आहे. फोर व्हीलर, सर्चलाइट आणि हजारो फॉलोअर्स घेऊन माळावर जाणारा हौशी हा वेगळाच प्रश्न आहे. हे लिखाण त्या दुसऱ्याबद्दल आहे, कारण तो आपल्या फीडमध्ये आहे.

शिकार नाही तर जात टिकणार कशी?

कारवानी पाळणाऱ्या अनेकांची ही खरी काळजी आहे. काम गेलं की कामाचा कुत्रा शोपीस होतो, बिघडतो. पण काम म्हणजे फक्त शिकार का? मुधोळला लष्करानं प्रशिक्षणासाठी निवडलं. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघालं. २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांचा उल्लेख केला तेव्हा त्यात तोही होता. यातल्या कशासाठीही कुणाचा जीव जावा लागला नाही.

आणि धावायचंच असेल तर 'ल्यूअर कोर्सिंग' नावाचा खेळ परदेशात रीतसर खेळला जातो. मैदानावर पुल्या लावून दोरी फिरवायची, मोटरनं ती ओढायची, दोरीला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. पिशवी सशासारखी वळणं घेते आणि कुत्रं जीव तोडून मागे धावतं. नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याला हलणारं काहीतरी हवं असतं, ते मांसाचंच असावं असा त्याचा हट्ट नसतो. इंजिनीअरिंगच्या पोरांना हा सेटअप एका वीकेंडचं काम आहे. कारवानीवाले आणि कॉलेजचे नेचर क्लब एकत्र आले तर मोकळ्या मैदानावर, सकाळच्या गारव्यात, व्हेटच्या देखरेखीखाली हे का होऊ नये? पैजा मात्र नकोत. पैसा आला की कुत्र्याचं मशिन होतं.

तोपर्यंत आपल्या हातात आहेत त्या गोष्टी साध्या आहेत. तशी रील दिसली तर ती 'कसली भारी' म्हणून पुढे पाठवू नका, रिपोर्ट करा. जागा ओळखू येत असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. पिल्लू घ्यायचं असेल तर 'आईबापानं किती मारले' हे विचारू नका, त्यांची तब्येत आणि स्वभाव विचारा. आणि फ्लॅटच्या बाल्कनीत साखळीला बांधून ठेवणार असाल तर कारवानी घेऊच नका. तोही एक छळच आहे.

धावणं हा त्या कुत्र्याचा स्वभाव आहे, त्याचा दोष नाही. साखळी कुठे आणि कशासमोर सोडायची, हे मात्र दरवेळी माणूस ठरवतो. त्या रीलमध्ये कुत्र्याला दोन डोळे दिसतात, एक हरीण दिसतं आणि तो सुटतो. आपल्याला त्याहून थोडं जास्त दिसायला हवं.