दूधसागरात दूध नाही!

पावसाळ्यात ज्यांनी ज्यांनी धबधबे पाहिले, ते सारे दिवाळीच्या फराळाला येताना आपापला धबधबा बरोबर घेऊन येतात. पूर्वी तो पाकिटातून यायचा, आता फोनमधून येतो. एवढाच काय तो फरक. गेल्या दिवाळीत आमच्या एका स्नेह्याने दूधसागरचे भले मोठे कृष्णधवल छायाचित्र चौकटीत बसवून आणले. सगळ्यांनी माना डोलावल्या. चकली मोडता मोडता माझी सात वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, इथे कागद फाटलाय का?"

स्नेही रागावले. मी मात्र पोरीला आणखी एक चकली दिली.

कारण तिने नेमके बोट ठेवले होते. जिथे तीनशे मीटरांवरून मांडवी कोसळते, तिथे त्या चित्रात काहीच नव्हते. धार नव्हती, तुषार नव्हते. नुसता कोरा कागद! आख्यायिकेतल्या राजकन्येने लाज राखण्यासाठी दुधाचा पडदा केला म्हणतात. आमचे फोटोवाले आपला आळस झाकायला तोच पडदा वापरतात.

'पाणी पांढरेच असते, त्याला आम्ही काय करणार?' हा त्यांचा पहिला बचाव. तो साफ खोटा आहे. पाण्याला रंग नाही; फेसातल्या असंख्य बुडबुड्यांवर प्रकाश विखुरतो म्हणून ते पांढरे दिसते. प्रत्येक धारेला एक उजळ अंग असते आणि एक सावलीचे. त्या दोहोंमधल्या करड्या छटा गेल्या, की पाण्याचे वजन गेले.

दोष कॅमेऱ्याचाही नाही. त्यातला प्रकाशमापक बिचारा भोळा. पुढे काहीही ठेवा, ते मध्यम करडे आहे असे धरूनच तो हिशेब मांडतो. चौकटीत तीन हिस्से ओला काळा कातळ आणि एक हिस्सा पाणी असले, की तो कातळाला उजळवायला प्रकाश वाढवतो आणि पाणी जळून जाते. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास गडद काळ्यापासून शुभ्र कागदापर्यंतच्या पायऱ्या आखून दिल्या, त्या याचसाठी. पांढऱ्यातला पोत सातव्या-आठव्या पायरीपर्यंत टिकतो, पुढे विरतो. म्हणून मोजणी कातळावर नको, पाण्याच्या सर्वांत उजळ भागावर घ्यावी आणि तिच्यापेक्षा दोन स्टॉप प्रकाश जादा द्यावा. तेवढाच! कातळ काळा पडला तर पडू द्या. तो काळाच आहे. फिल्म असेल तर डेव्हलपिंगचा वेळ थोडा कमी करावा. सावल्यांचे काम लवकर उरकते, उजळ भाग मात्र वेळेबरोबर घट्ट होत जातो. आणि कडक ऊन पडले तर सरळ कॅमेरा पिशवीत ठेवून चहा घ्यावा.

'लांब एक्स्पोजरने पाणी रेशमी होते, ही कला आहे,' हा दुसरा बचाव. असेल, माझे भांडण रेशमाशी नाही. पण रेशमालाही धागा असतो. पाव सेकंदात तो दिसतो. दहा सेकंदांत बहुधा त्याचा कापूस होतो.

'नंतर संगणकावर दुरुस्त करू,' हा तिसरा बचाव, आणि तो सर्वांत घातक. डिजिटल कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा प्रत्येक ठिपका म्हणजे एक भांडे. काठोकाठ भरल्यावर जे सांडले ते सांडले. मागाहून तो भाग गडद कराल, तर पाणी मिळणार नाही, करडा गिलावा मिळेल.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. कॉलेजात असताना आंबोलीच्या धबधब्यापुढे मी वडिलांचा फोटो काढला. पांढरे धोतर, पांढरा सदरा, मागे पांढरे पाणी. मोजणी घेतली ती शेजारच्या कातळावर. वर रोल डेव्हलपरमध्ये नको तितका ठेवला. पुढच्याच वर्षी वडील गेले. मग न्हाणीघरातल्या डार्करूममध्ये मी कितीतरी रात्री पंजांचा आडोसा करून त्या पांढऱ्यावर जादा प्रकाश देत बसलो. कागद मळला, सदरा काही आला नाही. चेहरा तेवढा आहे, अधांतरी. खांदे कुठे संपतात आणि पाणी कुठे सुरू होते, ते आज मलाही सांगता येत नाही.

म्हणून स्पर्धांच्या परीक्षकांना आणि कॅलेंडरे छापणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की असल्या कोऱ्या कागदांना बक्षिसे देऊ नका, भिंतीवर लावू नका. आणि वाचकहो, तुमच्याकडे यंदा कोणी धबधबा घेऊन आले, तर मान डोलावण्यापूर्वी पाण्यात धार शोधा. ती नसेल तर तसे तोंडावर सांगा. स्नेही रागावतील, पण पुढच्या पावसाळ्यात धबधब्यापुढे त्यांच्या घरचेच कोणीतरी उभे असेल.