एका रिळात बारा वर्ग

जुन्या कॅमेऱ्यांकडे आणि रिळाच्या फोटोंकडे परतणाऱ्या तरुणांची टिंगल करण्याची सध्या चढाओढ लागली आहे. खिशातला फोन क्षणात शंभर फोटो काढीत असताना छत्तीस फोटोंचे रीळ विकत घ्यायचे, ते धुवायला पाठवायचे आणि वाट पाहत बसायचे, हा पोट भरलेल्यांचा चाळा आहे, असे शहाण्यांचे मत पडते. मी कॅम्प ४ मध्ये राहून, मास्तरकीच्या पगारातून, गेली काही वर्षे हाच चाळा करीत आहे. तेव्हा या शहाण्यांना उत्तर देणे मला भाग आहे. ते देऊन झाले, की चार शब्द माझ्या बाजूच्या मंडळींनाही सुनवायचे आहेत.

फोनचा फोटो अधिक रेखीव येतो, अंधारात येतो, फुकट येतो. कबूल. ऊटीला १९६० साली स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना बंद पडला. रीळ आता परदेशातून येते आणि महाग पडते. तेही कबूल. पण प्रश्न रेखीवपणाचा नाहीच. निगेटिव्ह ही एक वस्तू आहे. समोरच्या माणसावरून आलेला उजेड चांदीच्या क्षारांवर पडला, उरलेले क्षार हायपोने धुऊन काढले, आणि तुकडा हातात आला. खिडकीशी धरला की माणूस दिसतो. त्याला यंत्र लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही, कोणा कंपनीची मर्जी लागत नाही.

आता फोनमध्येच जुन्या फिल्मचे रवे आणि ओरखडे उमटवण्याची सोय झाली आहे म्हणे! नकली मालाच्या बाबतीत आम्हा उल्हासनगरकरांना कोणी शिकवू नये. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्यावर पुष्कळ वर्षे झाला. पण आमच्या बाजारात नक्कल घेणाऱ्याला आपण नक्कल घेतो हे ठाऊक तरी असते!

हे गाव लष्कराच्या रिकाम्या छावणीत वसले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे इथल्या बराकींत उतरली, आणि १९४९ साली छावणीचे उल्हासनगर झाले. अशा गावात भिंतीवरचा आजोबांचा फोटो शोभेसाठी नसतो. आपण कोठून तरी आलो, याचा तो पुरावा असतो. घाटावरून आणि कोकणातून पोटासाठी इथे आलेल्या मराठी घरांतही तेच.

आता आपल्या मंडळींकडे वळतो. तुम्ही आजोबांचा क्लिक थ्री गळ्यात अडकवता, रीळ दुकानात टाकता, दुकानदार त्याचे स्कॅन फोनवर धाडतो, आणि निगेटिव्ह त्याच्याच खणात पडून राहते. कागदावर फोटो एकही नाही! याला परतणे म्हणायचे? १८८८ साली कोडॅकने पहिला कॅमेरा आणला, तेव्हा गिऱ्हाइकाने फक्त बटण दाबावे, पुढचे कंपनी पाहील, असाच वायदा होता. आळसाचा शोध डिजिटलने लावलेला नाही. पण त्या गिऱ्हाइकाच्या घरी निदान छापील फोटो येत होते. तुमच्या घरी काय येते?

कोणी म्हणेल, २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा कागदाने काय टिकाव धरला? बरोबर आहे. पाणी अल्बम पाहून थांबत नाही. पण एका निगेटिव्हवरून काढलेली प्रत मावशीकडे साताऱ्याला गेलेली असेल, तर माणूस तिथे शिल्लक राहतो. फाइलीच्याही प्रती काढता येतात. नाही कोण म्हणतो? पण फुकटच्या दहा हजार फोटोंमधून जपायचा कोणता, हे कोणी कधी ठरवीत नाही. बारा फोटोंच्या रिळात ते आधीच ठरवावे लागते. माझा सारा पक्ष एवढाच आहे.

आणि तो मी मास्तर म्हणून मांडतो. वर्गाचा फोटो आता पालकांच्या फोनवर येतो. वडिलांनी फोन बदलला, की मूल त्या वर्गातून पुसले जाते. ज्या घरात मुलाचा दुसरा फोटोच नाही, तिथे हे नुकसान लहान नव्हे. म्हणून माझी मागणी साधी आहे. १२० नंबरच्या एका रिळावर मोठ्या चौकोनी आकाराचे बारा फोटो बसतात. पहिली ते दहावीचे दहा, शिक्षकांचा एक, शिपाई आणि सफाईच्या बायांचा एक. वर्षाला एक रीळ. प्रत्येक मुलाच्या हाती एक छापील प्रत, मागे सर्वांची नावे शाईने लिहिलेली; आणि निगेटिव्ह शाळेच्या कपाटात, हजेरीपटाशेजारी. खर्च साऱ्या शाळेवर वाटला, तर मुलामागे वडापावाच्या हिशेबातला आहे.

ज्यांना हा चाळा वाटतो, त्यांनी आपल्या चौथीच्या वर्गाचा फोटो घरात आहे का, ते आधी शोधून पाहावे. सापडला, तर तो बहुधा कागदावरच असेल.