एका अक्षराचा वाद कसा मिटावा?

बजबजमधला विद्यार्थी आज मोबाइलवर बंगालीत ‘उत्सव’ लिहितो, तेव्हा त्यातला ‘खंड त’ सहज उमटतो. २००५ पर्यंत युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान नव्हते. त, हसंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून तो साधावा लागे. हे निराळे अक्षर की ‘त’चेच एक रूप, यावर तंत्रज्ञांमध्ये दीर्घ वाद झाला. प्रश्न जाहीर परीक्षणासाठी मांडला गेला आणि ४.१ या आवृत्तीत ‘खंड त’ला स्वतःचा संकेतांक मिळाला.

मराठीलाही असाच प्रश्न आहे. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. या दुसऱ्या शब्दातला अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात.

म्हणून तांत्रिक समूहांनी चर्चेला शिस्त लावावी, असे माझे मत आहे. एका चर्चेत एकच प्रश्न असावा. तो लेखी प्रस्तावाच्या रूपात, उदाहरणांसह यावा. नवख्यांच्या शंकांना वेगळी जागा असावी. शेवटी निर्णय, त्याची कारणे आणि विरोधी मतही तारखेसह नोंदवावे. युनिकोडमध्ये एकदा दिलेला संकेतांक मागे घेतला जात नाही. तेथे घाई महागात पडते. नोंद नसेल, तर पुढची पिढी तोच वाद पहिल्यापासून घालते आणि मोठ्या आवाजाचा विजय होतो.

विद्यार्थी मित्रहो, अक्षर रोज वापरणारे आपणच या चर्चेत नसू, तर आपल्या अक्षराचा निर्णय इतर कोणीतरी घेईल.