रिपोर्टवर सही कोणाची?

पालघर जिल्ह्यात माणूस तापाने फणफणला की त्याच्या हाती पहिला कागद पडतो तो रक्ताच्या रिपोर्टचा. त्या कागदावर औषध ठरते, सलाइन चढते, उसनवारी करून मुंबई, वापी नाहीतर सिल्वासा गाठायचे की घरीच थांबायचे, हेही ठरते. पण त्याखाली सही कोणाची आहे आणि सही करणाऱ्याने ते रक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तरी आहे का, याचा जाब कोणी मागत नाही. याला हलगर्जीपणा म्हणून सोडून देता येणार नाही. हा गरिबाच्या जिवाशी चाललेला उघड अपराध आहे!

सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 2017 रोजी स्वच्छ सांगितले की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच सही करावी. महाराष्ट्राने पुढे काय केले? 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा स्वतंत्र लॅबना हात लावत नाही आणि केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारला नाही. एक गाळा, एक यंत्र आणि दूरच्या शहरातल्या डॉक्टरची संगणकात साठवलेली सही, या धंद्याविरुद्ध राज्यातले पॅथॉलॉजिस्टच वर्षानुवर्षे ओरडत आहेत. टेक्निशियनशी आमचे भांडण नाही. त्याच्या हातांवाचून लॅब चालत नाही. पण नमुना तपासणे वेगळे आणि रोगाचे निदान करणे वेगळे.

या फरकाची किंमत जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांना विचारा. तिथली बाई थकते, धापा टाकते, हिमोग्लोबिन कमी निघते आणि तिच्या पदरात लोहाच्या गोळ्या पडतात. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, तेव्हा रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पॅथॉलॉजिस्टला दाखवा, असे म्हणणारा कोणी हवा. तो आजार सिकलसेल असू शकतो. आणि सिकलसेलची साधी विद्राव्यता चाचणी 'आहे' एवढेच सांगते. रोगी कोण, वाहक कोण, हे तिला सांगता येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती फसवते. रोगी की वाहक हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते आणि नुकतेच रक्त चढवलेले असेल तर त्यांचाही निकाल चुकतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला रोगाचा धोका चारात एक. 1 जुलै 2023 ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. पण तपासणी म्हणजे निदान नव्हे! निकालाचा अर्थ त्या बाईला तिच्या बोलीत समजावून सांगणारे माणूस पाड्यापर्यंत पोहोचले नाही, तर सात कोटींचा आकडा कागदावरच राहील.

बोईसर-तारापूरची कथा याहून संतापजनक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर देशातले सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. भोपाळच्या हत्याकांडानंतर, 1987 साली, कारखाना कायद्यात कलम घातले गेले: धोकादायक रसायने हाताळणाऱ्या कामगाराची किमान वर्षातून एकदा तपासणी व्हावी आणि तिच्या नोंदी त्याला पाहायला मिळाव्यात. ठेकेदाराच्या मजुराला विचारा, त्याने त्या नोंदी कधी पाहिल्या? बेन्झिन अस्थिमज्जा पोखरते ते हळूहळू. एका रिपोर्टात काही दिसत नाही, चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की उतरण दिसते. अॅनिलिनने ओठ निळे पडले तर नेहमीच्या रक्ततपासणीत ते सापडतही नाही, मेथहिमोग्लोबिन वेगळे आणि ताबडतोब मोजावे लागते. शिबिरात बोट टोचून हे होत नाही.

म्हणून वाचकांनो, लाजू नका, विचारा! पॅथॉलॉजिस्टला भेटणे हा तुमचा हक्क आहे. रिपोर्ट आणि प्रकृती यांचा मेळ बसत नसेल तर भेटा. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट अचानक घसरल्या, पण रक्तस्राव नाही, माणूस बरा दिसतो, तर काच पाहायला सांगा. नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तरी यंत्र त्या कमी मोजते. टायफॉइडचा संशय असेल तर एकट्या विडाल चाचणीवर विसंबू नका, अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी रक्ताचे कल्चर होईल का ते डॉक्टरांना विचारा. चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी बरोबर न्या. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा अंगावर कुठे गाठ लागली, तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरांकडे सुईची तपासणी किंवा बायॉप्सीचा आग्रह धरा. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्येच जायला हवा. साध्या सलाइनमध्ये तो कुजतो आणि निदानही त्याबरोबर जाते. काच आणि मेणातला ब्लॉक जपून ठेवायला सांगा. परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे तर तेच लागतात.

आणि प्रशासनाला आमचा सवाल: 1 ऑगस्ट 2014 ला हा जिल्हा झाला तो लोकांना ठाण्याचे हेलपाटे पडू नयेत म्हणून ना? मग जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रत्येक लॅबची तपासणी करावी. पॅथॉलॉजिस्टचे नाव, नोंदणी क्रमांक आणि हजेरीच्या वेळा दर्शनी फलकावर मराठीत लावायला भाग पाडावे. पाहणीत काय आढळले ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. जिथे सही करणारा डॉक्टर सापडत नाही, ती लॅब पावसाळ्याच्या तापाची साथ सुरू होण्याआधी बंद करावी.