वेळापत्रक यंत्राकडे जाऊ द्या, शब्द माणसानेच पाळायचा आहे

प्रकल्प व्यवस्थापक आता फार दिवस लागणार नाहीत, असे मत उद्योगजगतात ठामपणे मांडले जाते. माहिती गोळा करणे, प्रगतीवर नजर ठेवणे, अहवाल देणे ही कामे कृत्रिम बुद्धिमत्ता करील आणि २०३० पर्यंत या क्षेत्रातले ८० टक्के काम माणसाकडे उरणार नाही, असे भाकीत गार्टनर या संस्थेने २०१९ मध्येच केले. त्यावरून पुढचा निष्कर्ष काढला जातो तो असा : प्रकल्प रखडतात ते माणसाचा हिशेब तोकडा पडतो म्हणून, हिशेब यंत्राच्या हाती गेला की सारे वेळेत उभे राहील. भाकीत मला मान्य आहे. निष्कर्ष साफ अमान्य आहे, आणि तो खोडून काढायला अलिबागशेजारचे थळ पुरेसे आहे.

आधी हिशेबाचेच पाहू. कामांची साखळी मांडून कुठले काम लांबले की सारेच लांबते, हे काढण्याची रीत ड्यूपाँट या रसायन कंपनीत १९५० च्या दशकात घडली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तशीच पद्धत उभारली. तेव्हापासून संगणक हे गणित करीतच आला आहे. तरीही प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्लिवबर्ग यांनी जगभरातल्या सुमारे १६,००० प्रकल्पांची माहिती तपासली, तेव्हा खर्च आणि वेळ दोन्ही पाळणारे ८.५ टक्केच निघाले. कबूल केलेला लाभही पदरात टाकणारे तर अवघे ०.५ टक्के. साधने एवढी सुधारूनही निकाल हा असेल, तर दुखणे केवळ हिशेबात नाही.

ते कुठे आहे, हे थळ-वायशेतचा खत कारखाना दाखवतो. बॉम्बे हायच्या वायूवर अमोनिया आणि युरिया करणारा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा हा प्रकल्प १९८० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. तो उभारण्यापूर्वीच वाद पेटले होते. मुंबईच्या इतक्या जवळ असा कारखाना नको, म्हणून पर्यावरणवादी उभे राहिले. तंत्रज्ञानासाठी निवडलेली परदेशी कंपनी सरकारने बदलली, तेव्हा जागतिक बँकेने देऊ केलेले कर्ज मागे घेतले. जमिनी दिलेल्या कुटुंबांच्या नोकऱ्यांचा प्रश्न तर उत्पादन सुरू झाल्यावरही कित्येक वर्षे आंदोलनांतून आणि निवेदनांतून धुमसत राहिला. जागा कुठली, कंपनी कुठली, नोकरी कुणाला : यातला एकही प्रश्न तारखांचा नव्हता. प्रत्येक प्रश्न कुणी कुणाला काय शब्द दिला आणि तो पाळायचा कुणी, याचा होता.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, यंत्र विरोधाचाही अंदाज आधीच देईल. देईल, यात शंका नाही. पण पुढे काय? महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी घेण्याच्या वेळी पेणमधला विरोध कळायला यंत्राची गरज नव्हती. तो रस्त्यावर दिसत होता. सप्टेंबर २००८ मध्ये शासनाने तिथल्या २२ गावांचा कौल घेतला आणि पुढे ते भूसंपादन बारगळले. लोकांना विचारायचे की नाही, विचारल्यावर त्यांचे ऐकायचे की नाही, हा अंदाजाचा भाग नाही, निर्णयाचा आहे. आणि निर्णय चुकला तर गावासमोर उभे राहून उत्तर द्यावे लागते. यंत्राला ते देता येत नाही, कारण त्याने कुणाला शब्दच दिलेला नसतो.

हे झाले खंडन. आता माझे म्हणणे.

थळच्या समोर समुद्रात खांदेरी बेट उभे आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना तिथे तटबंदी बांधायला धाडले. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजांचा वेढा घातला, तरी काम थांबले नाही. भरती-ओहोटी आणि खडप यांची जाण असलेले नाखवे लहान, हलक्या होड्यांतून रसद बेटावर पोचवीत राहिले. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्या आवरेनात. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांना तह करून माघार घ्यावी लागली. आज ती खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत आहे. हे काम तडीस गेले, कारण हुकूम, स्थानिक जाण आणि जबाबदारी बेटावरच एकत्र होती. रसद आज नेता येईल की नाही, हे तिथला माणूस ठरवीत होता आणि त्याचे बरेवाईट तोच भोगणार होता.

उद्याच्या प्रकल्प व्यवस्थापनाला मी हीच दिशा मागतो. अहवाल, तक्ते, तारखांची जुळवाजुळव यंत्राला खुशाल सोपवा. त्यातून मोकळा झालेला वेळ व्यवस्थापकाने वातानुकूलित खोलीत घालवू नये. तो कोळीवाड्यात, वाडीत, ग्रामसभेत जावा. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा सामाजिक परिणामांचा अभ्यास मागतो. तो अभ्यास सोपस्कार म्हणून उरकू नये, त्यावरच आराखडा बेतावा. गावाला दिलेले प्रत्येक आश्वासन खर्चाइतक्याच काटेकोरपणे नोंदवावे, त्यापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहावे, ती नोंद ग्रामपंचायतीत टांगावी. आणि प्रकल्प यशस्वी झाला असे म्हणण्याआधी शेवटचे आश्वासन पुरे झाले का, हे तपासावे.

यंत्र आले म्हणून व्यवस्थापक संपणार नाही. कागदांच्या ढिगाआड लपलेला व्यवस्थापक तेवढा संपेल, आणि तो संपणे थळसारख्या गावांच्या हिताचेच आहे. आपल्या शब्दाला बांधलेला, गावाला तोंड देणारा माणूस मात्र पूर्वी कधी नव्हता इतका लागेल. अभियांत्रिकीच्या वर्गांत आज शिकणाऱ्या मुलांना सॉफ्टवेअर जरूर शिकवा. पण त्याआधी त्यांना ग्रामसभेत बसून ऐकायला शिकवा.