कडक भाकरीचे अनुदान

सोलापूरहून सकाळी पुण्याकडे निघणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये सणाची सुटी संपवून परतणाऱ्या तरुणांची गर्दी असते. त्यांच्या पिशव्यांत ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी हमखास सापडते. कोणी चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामावर असतो, कोणी हिंजवडीच्या संगणक कंपनीत, तर कोणी स्पर्धा परीक्षेसाठी पेठेतल्या खोलीत कॉट बेसिसवर राहतो. पार ओल उडेपर्यंत भाजलेली ही भाकरी कित्येक दिवस टिकते, म्हणून ती बरोबर दिली जाते. या पिशवीकडे मायेची खूण म्हणून पाहण्याची रीत आहे, आणि ती खोटी नाही. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिचे स्वरूप निराळे आहे. एका दुष्काळी जिल्ह्याने, आपल्या स्त्रियांच्या बिनमोल श्रमांतून, एका श्रीमंत शहराला दिलेले ते अनुदान आहे.

एकट्या राहणाऱ्या तरुणांच्या आहाराविषयी आणि प्रकृतीविषयी अलीकडे फार लिहिले जाते. वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पानांवरील उपदेशक त्यांना बजावतात की, न्याहारी चुकवू नका, कडधान्ये खा, रात्री उशिरा जेवू नका. या उपदेशातील प्रत्येक वाक्य खरे आहे आणि संपूर्ण उपदेश खोटा आहे. कारण त्यामागे एक गृहीत लपलेले असते. तरुण पिढी आळशी व चटोर झाली असून तिला केवळ समज देण्याची आवश्यकता आहे, असे ते गृहीत. ज्याच्या खोलीत चूल नाही त्याला डाळ शिजवण्याचे माहात्म्य सांगणे हा उपदेश नव्हे, उपहास आहे.

एकट्याच्या स्वयंपाकाचा हिशेब या मंडळींनी एकदा मांडून पाहावा. पाच माणसांची डाळ शिजवण्यास जितका वेळ आणि इंधन लागते, त्याहून फारसे कमी एका माणसाच्या डाळीला लागत नाही. भांडी तीच, बाजाराची फेरी तीच. पालेभाजीची जुडी एकट्याला दोन दिवसांत संपत नाही आणि ती टिकवण्यास शीतकपाट नसते. त्यातून कित्येक घरमालक खोलीत शेगडी लावू देत नाहीत. बारा तास घराबाहेर राहणाऱ्याने या परिस्थितीत सकाळी चहा-बिस्किटावर भागवले, दुपारी वडापाव खाल्ला आणि रात्री हातगाडीवरचा तळलेला भात खाल्ला, तर त्याने आपल्या वेळेचा व पैशाचा व्यवहारी हिशेबच केलेला असतो. हिशेब चुकतो तो शरीराच्या खात्यावर, आणि ते खाते चाळिशीनंतर उघडते.

मग खाणावळ आहे ना, असे विचारले जाते. सोलापुरातच अक्कलकोट, सांगोला, करमाळा या तालुक्यांतून शिकायला आलेली शेकडो मुले खाणावळीवर जगतात. महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे. गावी गेल्यास खाडे धरले जातीलच याची खात्री नाही. रविवारी संध्याकाळी चूल बंद. खाणावळ चालवणारी बाई बहुधा स्वतःच गरीब असते. डाळ, तेल, गॅस महागले की तिच्यापुढे दोनच मार्ग उरतात : दर वाढवून गिऱ्हाईक गमवायचे किंवा आमटी पातळ करून भात आणि बटाटा वाढवायचा. ती दुसरा मार्ग धरते. पोट भरते, पोषण होत नाही.

शासनाची दृष्टीही याहून उदार नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई-पुण्यासारख्या महानगरांसाठी तिच्यात भोजनभत्ता ठरला वर्षाला 32,000 रुपये. 365 दिवसांनी भागले तर दिवसाला 88 रुपयेही येत नाहीत. एवढ्यात दोन वेळचे जेवण आणि न्याहारी बसवायची! योजना आवश्यक होती यात शंका नाही; पण वसतिगृहे बांधण्याऐवजी हाती रक्कम ठेवून मुलाला बाजारात एकटे सोडून देणे, हा जबाबदारीचा अंत नव्हे.

परिणाम उघड आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. यांतील बहुसंख्य घरीच राहणाऱ्या आहेत. घरी, सर्वांच्या शेवटी जेवूनही ज्या मुलींच्या अंगी रक्त नाही, त्यांनी चहावर भूक मारण्यास सुरुवात केल्यावर काय होईल? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2024 मध्ये आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा देशातील एकूण रोगभारापैकी 56.4 टक्के भार सदोष आहाराशी निगडित असल्याचे नमूद केले. निम्म्याहून अधिक रोगभार ज्या कारणातून येतो, ते कारण व्यक्तीच्या सवयीचे म्हणून सोडून देता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच दिले आहे. राजर्षी शाहूंनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, ती खेड्यातल्या मुलाच्या शिक्षणात त्याची भाकरी प्रथम येते हे ओळखून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवले. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे सोने, मंगळसूत्रासकट, दिले. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. घर सोडून आलेल्याचे जेवण हा सामाजिक प्रश्न आहे, हे या सर्वांना कळले होते.

कायद्यालाही ते कळले होते. 1948 च्या कारखाना अधिनियमाने 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर उपाहारगृहाची सक्ती करण्याचा अधिकार राज्यांना दिला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितेने ही मर्यादा 100 कामगारांवर आणली व कंत्राटी कामगार त्यात धरले. परंतु सोलापूरच्या यंत्रमागाच्या छोट्या शेडमधील, दुकानातील, घरोघर जिन्नस पोहोचवणारा तरुण या मर्यादेत कधी बसणार? आणि परीक्षार्थी तर कोणाचाच कामगार नाही. मालक वेतन ठरवतो ते कामगाराच्या घरी कोणीतरी फुकट रांधणारी आहे असे धरून. ती घरी नसते, अडीचशे किलोमीटर दूर असते. तरीही कामगाराला रोज कामावर उभे करण्याचा खर्च तिच्याच माथी राहतो. दिवसभर हजाराच्या दराने विड्या वळून रात्री भाकऱ्या थापणाऱ्या आईला कोणता भत्ता मिळतो?

यावर काही सद्‍गृहस्थ सुचवतात की, मुलांची लग्ने लवकर करावीत म्हणजे जेवणाची सोय होईल. म्हणजे एका स्त्रीच्या फुकट श्रमांची जागा दुसरीच्या फुकट श्रमांनी भरायची. मुलांना रांधता आले पाहिजे, हे निर्विवाद. मुलीला चूल आणि मुलाला ताट ही वाटणी मोडलीच पाहिजे. मात्र रांधता येणारा मुलगाही बारा तासांच्या कामानंतर चूल नसलेल्या खोलीतच परततो.

उपाय सामुदायिक स्वयंपाकघराचाच आहे. तो अशक्य नाही. शेजारच्या कर्नाटकात 2017 मध्ये सुरू झालेल्या इंदिरा कँटीनने न्याहारी 5 रुपयांत आणि जेवण 10 रुपयांत देऊन दाखवले. महाराष्ट्राने 26 जानेवारी 2020 रोजी 10 रुपयांची शिवभोजन थाळी आणली. तिच्यात तीस-तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात. वेळ मात्र दुपारची. दुपारी कामावर किंवा वर्गात असणाऱ्याला, आणि रात्री उपाशी झोपणाऱ्याला, तिचा उपयोग किती?

सोलापूरने येथून पुढे जावे. महानगरपालिकेने स्थानक, बसस्थानक, अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी औद्योगिक वसाहत येथे रात्रीची जेवणघरे उघडावीत. ती स्त्रियांच्या सहकारी संस्थांनी चालवावीत आणि रांधणाऱ्यांना किमान वेतन मिळावे. धान्य जिल्ह्यातील रब्बी ज्वारी उत्पादकांकडून रास्त भावाने घ्यावे; ज्या जिल्ह्याची मालदांडी ज्वारी नावाजलेली आहे, तेथील विद्यार्थ्याने मैद्याच्या पावावर दिवस का काढावा? विद्यापीठाने वसतिगृह व भोजनगृह नसलेल्या महाविद्यालयांना जाब विचारावा. भोजनभत्ता महागाईशी जोडावा. खर्चाचा वाटा उद्योगांकडून उपकराने वसूल करावा, कारण लाभ त्यांचाच आहे.

हे पैसे कोठून आणायचे, असा प्रश्न लगेच येईल. पैसे आजही खर्च होतच आहेत. फरक इतकाच की, ते आईच्या श्रमांतून आणि मुलाच्या आतड्यांतून वसूल होतात, म्हणून कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत. ते अंदाजपत्रकात दिसू लागतील अशी मागणी सोलापूरच्या तरुणांनी आणि त्यांच्या आयांनी मिळून केली पाहिजे. भाकरीची पिशवी मायेपोटी खुशाल जावी. कोणाच्या नफ्यापोटी तिला जावे लागू नये.